कमी खर्चात पफरची खाऱ्या पाण्याची टाकी

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा पुण्या-नागपूरच्या एखाद्या ॲक्वेरियमच्या दुकानात, हिरवट-पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला बोटाच्या पेराएवढा मासा बऱ्याचदा दिसतो. काचेला तोंड लावून तो गिऱ्हाइकाकडे टक लावून बघतो, दोन डोळे दोन दिशांना फिरवतो, माणूस सरकला की त्याच्यामागे सरकतो. घरी न्यायचा मोह आवरत नाही. दुकानदार सांगतो, गोड्या पाण्यात राहतो. मग गोल्डफिशच्या सोबतीला त्याची रवानगी होते. थोड्याच दिवसांत गोल्डफिशचं शेपूट कुरतडलेलं दिसतं आणि काही महिन्यांत पफर स्वतःही मलूल होतो. हा ग्रीन स्पॉटेड पफर मुळात खाडीचा मासा. नदीमुखाच्या मचूळ पाण्यात तो वाढतो आणि वय वाढेल तसं त्याला अधिक खारं पाणी लागतं. गोडं पाणी तो काही काळ सोसतो एवढंच.

पफर पाळायचा म्हणजे आज ना उद्या मिठाच्या पाण्याशी गाठ पडणार, आणि खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे श्रीमंतांचा शौक, असा समज आहे. प्रवाळांची टाकी उभी करायची तर तो बऱ्याच अंशी खराही आहे: महागडे दिवे, चिलर, कॅल्शियमचे डोस, दर महिन्याचा खर्च. पफरच्या टाकीत मात्र प्रवाळ ठेवताच येत नाहीत, कारण तो ते कुरतडतो. त्यामुळे हा सगळा खर्च वगळता येतो आणि मध्यमवर्गीय घरातही ही टाकी नीट चालते. अट एकच. कुठे हात आखडता घ्यायचा आणि कुठे अजिबात घ्यायचा नाही, हे मासा आणण्याआधी ठरलेलं हवं.

सगळ्यात मोठी बचत माशाच्या निवडीत आहे. दुकानात आठ-दहा सेंटिमीटरचा पॉर्क्युपाइन पफर येतो. मोठे डोळे, हसरा चेहरा, अंगावर पडलेले काटे. तो सहज ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला सहा फुटी टाकी लागते, म्हणजे ५०० लिटरच्या वर पाणी, तेवढं मीठ आणि तेवढाच मोठा फिल्टर. डॉगफेस पफरचीही तीच गोष्ट. स्टेलेटस पफरची तर विचारायलाच नको, समुद्रात तो चार फुटांच्या आसपास जातो. ‘मोठा झाला की मोठी टाकी घेऊ’ हा हिशेब कागदावर जुळतो, घरात जुळत नाही. दोन टाक्यांचा खर्च एका टाकीपेक्षा नेहमीच जास्त आणि मधल्या काळात मासा कोंडला जातो.

बजेट आखूनच उतरायचं असेल तर दोन मासे विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला व्हॅलेंटिनी पफर. कॅन्थिगॅस्टर प्रजातीतला, पांढरट अंगावर पाठीकडून उतरणारे चार गडद पट्टे, पिवळसर शेपूट. पूर्ण वाढून तो दहा-अकरा सेंटिमीटरचा होतो आणि तीन फुटी टाकीत आयुष्यभर नांदतो. त्याच्या अंगात विष असल्यामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. याचा फायदा घेणारा एक बिनविषारी फाइलफिश समुद्रात आहे. त्याने रंग, पट्टे, पोहण्याची ढब सगळं व्हॅलेंटिनीसारखं उचललं आहे. दोघांना ओळखायचं तर पंख बघावेत. पफरचा पाठीवरचा पंख लहान आणि पार मागे असतो, तर या तोतयाचा पाठीचा आणि पोटाचा पंख लांब पट्टीसारखा पसरलेला असतो. दुकानात चूक होऊ नये म्हणून एवढी खूण पुरते.

दुसरा पर्याय तोच ग्रीन स्पॉटेड पफर. तो साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, किमतीला स्वस्त पडतो आणि पिल्लू असताना त्याला मीठही कमी लागतं. जीवशास्त्रात याला मान मोठा. पृष्ठवंशीय प्राण्यांमधल्या अगदी लहान जनुकसंचांपैकी एक याचा आहे आणि २००४ साली तो वाचून प्रसिद्धही झाला. पिल्लू आणलं की पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचं माप, १.००५ च्या आसपास ठेवून सुरुवात करायची, आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त वाढवायचं नाही. मोठा होईपर्यंत ते १.०१५ च्या पुढे न्यायचं. एवढ्या सावकाश गेलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंनाही नव्या पाण्याशी जुळवून घेता येतं.

केरळच्या नद्यांमधला चिमुकला मलबार पफर या दोघांत येत नाही. तो पूर्णपणे गोड्या पाण्याचा आहे, त्याला मिठात घालू नये. कोकणात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा केंड मासाही घरी आणायचा विचार करू नये. केंडांचे थवे जाळी फाडतात, आत अडकलेली माकुलं खातात, म्हणून मालवणपासून रत्नागिरीपर्यंत त्यांच्या नावाने ओरड असते. त्यातली मोठी जात अडीच-तीन फुटांपर्यंत जाणारी, मोकळ्या दर्यात पोहणारी. जाळ्यात अंग खरचटलेला असा मासा काचेच्या चार भिंतींत जगत नाही.

आता टाकी. नामांकित कंपनीची तयार टाकी घ्यायची गरज नाही. प्रत्येक शहरात काचेच्या टाक्या बांधून देणारे कारागीर आहेत आणि या कामात ते तरबेज असतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी सांगावी. कडेपर्यंत भरली तर ती १९१ लिटरची होते. काच किमान ८ मिलिमीटरची आणि वरच्या कडेला आधाराच्या पट्ट्या हव्यात. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेलं आहे ना, हे विचारून घ्यावं. बाथरूमसाठी विकलं जाणारं सिलिकॉन माशांना घातक ठरू शकतं. जोड सुकायला आठवडाभर द्यावा, मग टाकी साध्या पाण्याने भरून दोन दिवस अंगणात किंवा गॅलरीत ठेवावी. गळती असेल तर ती तिथेच कळलेली बरी.

पाणी, दगड, काच, स्टँड मिळून वजन अडीचशे-तीनशे किलोंवर जातं. त्यामुळे टाकी भिंतीलगत, शक्यतो खालून बीम जात असेल अशा जागी ठेवावी. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी. टाकीखाली थर्माकोलची शीट घालावी म्हणजे स्टँडचा बारीक उंच-सखलपणा काचेला जाचत नाही.

जुनी दोन फुटी टाकी कुठे पडून असेल तर ती फेकू नये. मोठ्या टाकीच्या खाली ठेवली की तिचा संप होतो. वरच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडून पाइपाने पाणी खाली उतरवायचं, पहिल्या कप्प्यात कचरा अडवायला फोम किंवा फिल्टरचं कापड, मधल्या कप्प्यात जिवाणूंसाठी सिरॅमिकच्या रिंगा, शेवटच्या कप्प्यात पंप, तो पाणी परत वर चढवतो. काच कापून कप्पे करून द्यायचं काम तोच टाकीवाला करून देतो. संपमुळे एकूण पाणी वाढतं, आणि पाणी जितकं जास्त तितका चुकांचा फटका कमी बसतो.

या मांडणीत एक धोका लपलेला असतो. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी भोकाच्या पातळीपर्यंत खाली उतरत राहतं. तीन बाय दीड फुटाच्या टाकीत पातळी फक्त ३ सेंटिमीटर उतरली तरी साडेबारा लिटर पाणी संपमध्ये येतं. संप काठोकाठ भरलेला असेल तर ते सगळं फरशीवर. म्हणून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच संपमध्ये ३५ लिटरच्या वर पाणी ठेवू नये. पाणी वर नेणाऱ्या पाइपालाही पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक छिद्र पाडावं, म्हणजे उलटा सायफन लागून टाकी रिकामी होत नाही. मासा आणण्याआधी पंपाचा स्विच मुद्दाम बंद करून काय होतं ते बघावं. महाराष्ट्रात वीज जाते, हे गृहीत धरूनच टाकी बांधायची.

पफर हा खादाड आणि सांडलवंड करणारा मासा. त्यामुळे फिल्टरमध्ये काटकसर करायची नाही, प्रोटीन स्किमरही असलेला बरा. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय घाण चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमा होते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे खूप बारीक राहतात म्हणून तिथे हा उपाय चालतो. मचूळ पाण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणजे ग्रीन स्पॉटेडचं पिल्लू पाळणाऱ्याला ही खरेदी पुढे ढकलता येते. स्किमर चांगल्या स्थितीतला जुना मिळाला तर घ्यावा, त्यात बिघडण्यासारखा एकच भाग, पंप. दिव्यावर मात्र पैसे घालवू नयेत. साधी १५ वॅटची पांढरी एलईडी पट्टी पुरेशी आहे. २५ वॅटचा पंप आणि १५ वॅटचा स्किमर चोवीस तास, दिवा आठ तास असा हिशेब केला तर महिन्याला ३२-३३ युनिट वीज जाते.

दगडांच्या बाबतीत कायदा माहीत असायलाच हवा. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत समुद्रातून काढलेला जिवंत दगड वापरायला सांगतात. भारताच्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली सगळ्या कठीण प्रवाळांना २००१ पासून संरक्षण आहे आणि त्यात मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही आला. बाजारात कोणी पांढरी फांदीदार ‘शोपीस’ देऊ केली तर घेऊ नये. पर्याय भरपूर आहेत. टाकीसाठी बनवलेले सच्छिद्र सिरॅमिक दगड मिळतात. हाताला काम करायची सवय असेल तर पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून घरीही दगड बनवता येतात. पाण्यात ठेवल्यावर मीठ विरघळतं आणि आत पोकळ्या तयार होतात. फक्त सिमेंटमधला चुना पाण्याचा सामू (पीएच) फार वाढवतो. त्यामुळे असे दगड दीड-दोन महिने साध्या पाण्यात बुडवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून मुरवावे लागतात. पाण्याचा सामू ८.३ च्या आसपास टिकू लागला की दगड तयार. घरी तिसऱ्यांचं कालवण होत असेल तर शिंपले फेकू नयेत. उकळून, घासून, ठेचून तळाशी पसरले की तीच टाकीची वाळू, आणि तेच सामू फार खाली जाऊ देत नाहीत. किनाऱ्यावरची वाळू मात्र उचलून आणू नये.

पाणी आणि मीठ. लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गअभ्यासकाने १८५४ साली चार क्षार मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी तयार केलं आणि त्यात समुद्री जीव जगवून दाखवले. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. त्याच्याही पाककृतीत साधं मीठ एकटं नव्हतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. स्वयंपाकघरातलं मीठ विरघळवून समुद्र होत नाही. समुद्राच्या प्रत्येक किलो पाण्यात सोडियम आणि क्लोराइडखेरीज १.२८ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम, जवळपास तितकंच पोटॅशियम आणि सामू टिकवणारे कार्बोनेट असतात. शिवाय खाण्याच्या मिठात गठ्ठे होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यंही असतात. मरीन सॉल्ट म्हणून विकलं जाणारं मीठच घ्यावं. ते मोठ्या पोत्यात किंवा बादलीत घेतलं तर स्वस्त पडतं. चार-पाच हौशी लोकांनी मिळून पोतं आणून वाटून घेणं हा उत्तम मार्ग.

हिशेब असा. वरची टाकी आणि संप मिळून प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर. लिटरमागे ३६ ग्रॅम मीठ धरलं तर सुरुवातीला सव्वासात किलो लागेल. त्यानंतर दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलायचं, म्हणजे महिन्याला तीन किलोंच्या आसपास. सहा फुटी टाकीत हाच आकडा तिप्पट होतो. माशाच्या निवडीत बचत आहे असं वर म्हटलं, ते यासाठी.

मीठ नेहमी वेगळ्या बादलीत, एअर पंप लावून, रात्रभर ढवळू द्यावं. मासा टाकीत असताना कोरडं मीठ वरून ओतायचं नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान हवं आणि ते मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण त्याच्या काट्यावर बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. आहे त्या पैशात जी दोन-तीन साधनं चांगली घ्यायची त्यात हे एक.

ज्यात मीठ मिसळायचं ते पाणी कोणतं, हे गावावर अवलंबून आहे. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं धरणाचं पाणी मिळतं. त्यात क्षार कमी असतात, त्यामुळे क्लोरीन काढणारे थेंब घालून ते माशांच्या टाकीला चालतं. मराठवाड्यात किंवा विदर्भात बोअरचं पाणी असेल तर आरओला पर्याय नाही. घरातल्या आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळणारा भाग असतो, तो वगळून पाणी घ्यावं आणि टीडीएस मीटरवर आकडा बघावा. जितका शून्याच्या जवळ तितकं बरं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वाटतं, समुद्र समोर असताना मीठ कशाला विकत घ्यायचं? मुंबईच्या किनाऱ्याचं आणि खाड्यांचं पाणी सांडपाण्यामुळे वापरण्याजोगं नाही. सिंधुदुर्गात होडीवाला ओळखीचा असेल आणि तो किनाऱ्यापासून लांब जाऊन कॅन भरून आणत असेल तर ते पाणी गाळून, काही आठवडे अंधारात ठेवून वापरता येतं. पावसाळ्यात तेही नको, नद्यांच्या लोंढ्याने पाण्याचा खारटपणा उतरलेला असतो आणि गाळही येतो.

टाकी भरली, पंप चालू झाला, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसू लागलं. याच टप्प्यावर सर्वाधिक मासे मरतात, कारण घाई होते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट जीवघेणे, नायट्रेट बरंच सौम्य. खाऱ्या पाण्यात सामू ८.२ च्या आसपास असतो आणि त्या सामूला अमोनियाचा विषारी भाग सामू ७ च्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त असतो. गोड्या पाण्यात चालून गेलेली हयगय इथे चालत नाही ती यामुळेच.

हे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत कोळंबीचा एक कच्चा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून सोडावा. तो कुजतो, अमोनिया वाढतो, दोन-तीन आठवड्यांत नायट्राइट वर येतं, मग दोन्ही उतरू लागतात. थेंबांचं टेस्ट किट घेऊन दर तीन-चार दिवसांनी मोजावं आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर शून्यावर राहिले की टाकी तयार. कोणाकडे चालू असलेली निरोगी समुद्री टाकी असेल तर तिथल्या फिल्टरमधल्या मूठभर रिंगा मागून आणाव्यात, काळ बराच कमी होतो. या चार-सहा आठवड्यांना पैसे पडत नाहीत, आणि इतर कुठल्याही वस्तूपेक्षा माशाचा जीव हेच वाचवतात.

दुकानात मासा निवडताना त्याला समोर खायला घालायला सांगावं. पोट आत गेलेलं, डोळे पांढुरके, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, कोपऱ्यात पडून असणं, यांतलं काही दिसलं तर मासा घेऊ नये. समुद्री पफर बहुतेक सगळे समुद्रातून पकडून आणलेले असतात, त्यामुळे रोग आणि जंत सोबत घेऊनच येतात. फुगवून दाखवणाऱ्या दुकानदाराकडून तर मुळीच घेऊ नये. फुगणं हा पफरचा जिवावर बेतल्यावरचा शेवटचा उपाय आहे. तो भराभर पाणी गिळून जठर ताणतो. पाण्याबाहेर काढून फुगवला तर आत हवा भरते, ती बाहेर टाकणं त्याला फार कठीण जातं आणि त्यात मासा मरू शकतो. म्हणूनच पफरला कधीही जाळीने उचलायचं नाही. पाण्यात मग किंवा डबा बुडवून, मासा आत शिरला की पाण्यासकट हलवायचा.

घरी आणल्यावर थेट मोठ्या टाकीत न सोडता आधी वेगळा ठेवावा. समुद्री माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे होतो. त्यावर तांब्याचं औषध सर्रास दिलं जातं, पण पफरच्या खवलेरहित कातडीला ते सोसत नाही. स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे ४०-५० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब. हा परजीवी माशावर पोसून झाला की खाली पडतो, तळाशी कोष करतो आणि नव्या पिल्लावळीसह पुन्हा मासा शोधतो. दर ७२ तासांनी मासा दुसऱ्या स्वच्छ टबात हलवला आणि आधीचा टब धुऊन कडकडीत वाळवला, तर कोष मागे राहतात आणि चक्र तुटतं. असं चार वेळा करायचं. टबात एअर स्टोन आणि लपायला पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा, एवढं सामान पुरतं. टबातलं पाणी त्याच खारटपणाचं आणि त्याच तापमानाचं हवं. मासा खात असूनही खंगत असेल तर जंताची शंका धरावी आणि औषधाची मात्रा माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारावी.

आणि आता खाणं, जिथे आपल्याकडच्या माणसाला जगातल्या कोणत्याही हौशी माणसाइतकीच सोय आहे. पफरचे चार दात जुळून पोपटाच्या चोचीसारखी चोच झालेली असते आणि ती आयुष्यभर वाढत राहते. कठीण कवच फोडून खाल्लं तरच ती झिजते. मऊ अन्नावर ठेवलेल्या पफरची चोच वाढून तोंड उघडेनासं होतं आणि मासा उपाशी मरतो. मग गुंगी देऊन चोच कापावी लागते, ते काम नवख्याचं नाही. मासळी बाजारात कोळणीकडे जे मिळतं तेच याचं जेवण: तिसऱ्या, खुबे, कालवं, सालासकट कोळंबी, लहान कुर्लीचे नांगे, माकुलाचे तुकडे. अर्धा किलो तिसऱ्या महिनाभर पुरतात. आणल्यावर धुऊन लहान पुड्या करून फ्रीजरमध्ये गोठवाव्यात, परजीवींचा धोका कमी होतो. मीठ, हळद लावलेलं काही द्यायचं नाही.

तिसरी अर्धवट उघडून टाकीत सोडली की पफर आधी तिच्याभोवती फिरतो. एक डोळा तिच्यावर, दुसरा माणसावर. मग पंख फडफडवत जागच्या जागी थांबतो, नेम धरतो आणि चावा घेतो. कट्‌ असा आवाज काचेबाहेर ऐकू येतो. शिंपल्याचा कपचा तोंडातून थुंकून टाकतो, मांस ओढतो, चिंध्या सगळीकडे उडतात. पाहायला सुंदर, पाण्याला वाईट. जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं सगळं नळीने ओढून काढायलाच हवं. टाकी वर्षानुवर्षं टिकवणाऱ्यांच्या अंगात ही सवय मुरलेली असते.

पिल्लाला रोज थोडं, मोठ्याला दिवसाआड. पोट किंचित गोलसर दिसलं की थांबावं. तो काचेपाशी येऊन कितीही विनवण्या करो, पोट बघून ठरवायचं. रोज कोळंबीच घालत राहू नये. कोळंबी आणि काही शिंपल्यांमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं आणि त्या कमतरतेने पफरचा जबडा आखडल्याचं पाळणारे सांगतात. खाद्य बदलतं ठेवावं, अधूनमधून तुकडा जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवून द्यावा. व्हॅलेंटिनी समुद्रात शेवाळही चरतो, त्याला सुशीसाठी मिळणारी बिनमिठाची नोरीची पट्टी चिमट्यात अडकवून द्यावी.

सोबती म्हणून कोण? शक्यतो कोणीच नाही. कोळंबी, गोगलगाय, खेकडा ठेवला तर ते खाद्यच. सावकाश पोहणाऱ्या, झुलते पंख असलेल्या माशांचे पंख कुरतडले जातात. व्हॅलेंटिनीबरोबर एखादा चपळ डॅम्सेल टिकू शकतो, पण पफरचा स्वभाव माशागणिक बदलतो. दोन व्हॅलेंटिनी तर एकत्र नकोच. एका पफरवर एक टाकी चालवली तर खर्चही आटोक्यात राहतो आणि माशाला माणसाचा लळाही जास्त लागतो.

आपल्याकडे हीटरपेक्षा उन्हाळ्याची चिंता मोठी. पाणी २४ ते २७ अंशांत राहावं. नागपूर, अकोला, जळगावच्या मे महिन्यात बंद खोलीतली टाकी ३२ च्या वर जाते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. चिलर महाग. पण पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारे दोन लहान १२ व्होल्टचे पंखे, कॉम्प्युटरमध्ये असतात तसे, पाणी दोन ते चार अंशांनी उतरवतात. दमट मुंबईत परिणाम कमी, कोरड्या विदर्भात चांगला. पंख्यामुळे पाणी भराभर उडतं आणि मीठ मागेच राहतं, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. नाशिक-पुण्याच्या थंडीत १५०-२०० वॅटचा हीटर लागतो. तो संपमध्ये ठेवावा. पफर वायर, सक्शन कप, हवेची नळी, जे दिसेल ते चावून बघतो. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं, म्हणून टाकीच्या सॉकेटला वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी हवाच आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत प्लगपर्यंत जाणार नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्यावा, लोडशेडिंगमध्ये तोच मासा तगवतो.

पफरच्या बऱ्याच जातींच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं. त्याला हे नाव जपानच्या योशिझुमी ताहारा यांनी १९०९ साली दिलं. टाकीत हात घालून काम करणाऱ्याला त्याची भीती नाही, बोटाला चावा बसू नये एवढंच बघावं. पण मासा मेला तर तो मांजरापुढे टाकू नये, खोल खड्ड्यात पुरावा. आणि पाळणं जमेनासं झालं तर जिवंत मासा खाडीत किंवा समुद्रात सोडू नये. दूरदेशीचा मासा आणि त्याच्या अंगावरचे रोग इथल्या पाण्यात जातात. दुकानदाराला परत द्यावा किंवा टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावा.

गावाला जायचं असेल तर मोठा पफर चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो, त्यासाठी कोणाला खाणं घालायला सांगू नये. शेजाऱ्याने प्रेमाने टाकलेल्या मूठभर कोळंबीने पाणी नासतं. त्याला किल्ली देताना एवढंच सांगावं: पंप चालू आहे का बघा आणि संपमधली पाण्याची खूण उतरली असेल तर बाजूच्या कॅनमधलं गोडं पाणी तिथवर भरा.